ग्रामसभेला कोण जातं यार?

शनिवारी सकाळी तर्री पोहे खाणं हे नागपुरात धर्मकार्य आहे. गेल्या शनिवारी मी आणि माझा एक मित्र असेच मानेवाडा-बेसा रोडवरच्या ठेल्यावर उभे होतो. मित्र मिहानमध्ये नोकरीला आहे आणि आमच्याच फ्लॅट स्कीममध्ये दोन मजले वर राहतो. विषय नेहमीचाच: स्कीमच्या मागची नाली. ती पुढे कुठेच जात नाही, रिकाम्या प्लॉटमध्ये जाऊन थांबते, आणि मग डुकरं, डास आणि वास यांचं सहजीवन सुरू होतं.

"बरं झालं, ग्रामपंचायत गेली एकदाची," मित्र म्हणाला. "आता नगरपंचायत आहे. होईल हळूहळू."

मी सहज विचारलं, "ग्रामपंचायत होती तेव्हा तू किती ग्रामसभांना गेला होता बे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला बैलगाडीने ऑफिसला जातोस का असं विचारलंय. "ग्रामसभेला कोण जातं यार?"

मी हसलो. मग आठवलं की मीही एकदाही गेलो नव्हतो, आणि हसू जरा घशातच अडकलं. तेव्हापासून आठवडाभर हेच डोक्यात फिरतंय, म्हणून आज लिहून टाकतो. ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे. पहिला राग माझा माझ्यावरच आहे.

बाहेरच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. बेसा म्हणजे नागपूरच्या दक्षिणेला, मानेवाडा ओलांडून पुढे. कधीकाळी इथे शेतं होती. मग लेआउट पडले, मग प्लॉट विकले गेले, मग स्कीमा उभ्या राहिल्या. आमच्यासारखे लोक इथे दोन कारणांनी आले. एक, शहरापेक्षा भाव कमी. दोन, मिहान जवळ. घर घेताना आम्ही भरपूर प्रश्न विचारले. आरएल आहे का? लोन कुठली बँक देते? कव्हर्ड पार्किंग किती? टू-बीएचकेच्या किचनला वेगळी बाल्कनी आहे का? एकच प्रश्न कोणी विचारला नाही: हे गाव चालवतं कोण, आणि त्यात मला बोलता येतं का?

महापालिकेची हद्द इथून हाकेच्या अंतरावर संपते. शेजारचं हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेत गेलं. बेसा मात्र ग्रामपंचायतच राहिलं, आणि नंतर बेसा-पिपळा नगरपंचायत झाली. मधल्या सगळ्या वर्षांत 'ग्रामपंचायत एरिया' हे दोन शब्द आम्ही शिवीसारखे वापरले. रस्त्यात खड्डा, तर "ग्रामपंचायत एरिया आहे ना!" लाइट गेली तरी तेच (तिचा आणि ग्रामपंचायतीचा काय संबंध, हे विचारायचं नाही). नातेवाईक विचारायचे, "नागपुरात कुठे?" आम्ही सांगायचो, "मनीषनगरच्या पुढे." बेसा म्हणायलाही जड जायचं.

आता जरा ऐका, या 'ग्रामपंचायत एरिया'त आपल्या हातात नेमकं काय होतं.

महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. निवडून यावं लागत नाही, पक्षात असावं लागत नाही, कोणाची ओळख लागत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा दिली, आणि ती दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. मुख्य सभेआधी बायकांची वेगळी सभा असते. वर्षाचा जमाखर्च आणि ऑडिटचे शेरे ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. गावात कोणती कामं करायची, घरकुलासारख्या योजनांचा लाभ कोणाला द्यायचा, हे तिथे ठरतं. ठराव होतो, प्रोसिडिंग बुकात लिहिला जातो, आणि तुम्ही उभं राहून विचारू शकता, "मागच्या ठरावाचं काय झालं?"

हा हक्क मुंबईत कोट्यवधीचा फ्लॅट घेणाऱ्याकडे नाही. महापालिकेच्या सभेत तो फार तर प्रेक्षक गॅलरीत बसू शकतो. बोलला तर बाहेर काढतील. बेसाच्या मतदाराकडे हा हक्क होता, आणि आम्ही त्याची किंमत शून्य धरली.

आता गंमत बघा. या चार सभा साधारणपणे कधी होतात? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. म्हणजे आयटीवाल्याला हक्काची सुट्टी असते अशाच चार दिवशी! "वेळ नसतो यार" हे कारण तिथेच बाद होतं. त्या चार दिवशी आम्ही कुठे होतो? पेंचला. चिखलदऱ्याला. फुटाळ्यावर. किंवा गादीवर, झेंडावंदनाचा फोटो स्टेटसला टाकून.

दुसरी गंमत गणपूर्तीची. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० लोक, यापैकी जे कमी असेल तेवढे पुरतात. शंभर! आमच्या एका स्कीममध्ये ९६ फ्लॅट आहेत. घरटी एक माणूस गेला असता, तर शेजारच्या स्कीममधून फक्त चौघे बोलवावे लागले असते. हजारो लोकांच्या वस्तीत शंभर लोकांनी ठरवलं असतं तर सभेचा विषय बदलला असता. आपण 'सिस्टीम'ला शिव्या देतो तेव्हा वाटतं की ती कुठेतरी दिल्लीत, काचेच्या पेटीत ठेवली आहे. इथे ती पायी जाण्याच्या अंतरावर होती आणि तिला फक्त शंभर माणसं हवी होती.

ग्रामसभा काय असते हे मी एकदाच पाहिलं आहे, तेही अपघाताने. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना १५ ऑगस्टला मामाच्या गावी गेलो होतो, वर्धा जिल्ह्यात. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, आणि शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पडल्या. मामा म्हणाला, "चाल, बस." मी मोबाइल काढून बसलो. सुरुवातीचा अर्धा तास नुसता गोंधळ. मग एक म्हातारी उठली. नऊवारी, हातात काठी. ग्रामसेवकाला म्हणाली, "त्या नालीले किती पैसे लागले, सांगा ना जी."

तो म्हणाला, "आजी, नंतर सांगतो."

"नंतर काहून? आता सांगा. पाणी तं उलटं माह्या घरात येऊन राह्यलं."

सगळे हसले. पण ती बसली नाही. शेवटी ग्रामसेवकाला रजिस्टर काढून आकडा वाचावा लागला. आकडा ऐकल्यावर हसणं थांबलं. मग सात-आठ जण एकदम बोलायला लागले, आणि नालीचा उतार पुन्हा मोजायचा असा ठराव लिहिला गेला. दिवाळीत पुन्हा गेलो तेव्हा नालीचं काम चालू होतं.

त्या आजीची शाळा मला ठाऊक नाही, पण कुठल्या प्रश्नाने काम होतं हे तिला माहीत होतं. "नाली खराब आहे" असं ती म्हणालीच नाही. "किती पैसे लागले?" असं तिने विचारलं. माझ्याकडे बी.ई.ची डिग्री आहे. तिच्यावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव छापलेलं आहे, कारण २००५ पासून नागपूर विद्यापीठाचंच ते नाव आहे. ज्या माणसाने ग्रामगीता लिहिली, गाव कसं चालवावं हे सांगत आयुष्यभर खंजिरी वाजवत फिरला, त्याच्या नावाची डिग्री फ्रेम करून आम्ही ड्रॉइंगरूममध्ये लावली. आणि खालच्या नालीचा खर्च किती, हे एकदाही विचारलं नाही.

आम्ही काय केलं? व्हॉट्सॲप ग्रुपवर नालीचे फोटो टाकले. रडकी इमोजी टाकली. कोणीतरी "शेमफुल" लिहिलं, सतरा अंगठे आले. ऑफिसात एखाद्याने बग तोंडी सांगितला तर आपणच म्हणतो ना, "टिकिट टाक, नाहीतर मी बघणार नाही"? मग गावाच्या प्रोसिडिंग बुकात तुमचा बग कधी नोंदवला होता? नोंदच नाही, तर तो बग दुरुस्त का झाला नाही म्हणून बोंबलायचं कशाला?

या विषयावर मित्रांशी वाद घातला की ठरलेली कारणं येतात. एकेक घेतो.

"माझं नाव तर गावच्या यादीत आहे." बरोबर. माझंही तीन वर्षं तिकडेच होतं. म्हणजे घर बेसात, कर बेसात, कचरा बेसात, आणि मत यवतमाळात. मतदार यादीत नाव नाही म्हणजे ग्रामसभेचे तुम्ही सदस्यच नाही. सरपंचाच्या दृष्टीने तुम्ही अस्तित्वातच नव्हता. मग तुमच्या स्कीमकडे त्याने का बघावं? बँकेचं केवायसी आपण दुसऱ्या दिवशी बदलतो, मतदार यादी दहा वर्षं बदलत नाही.

"तिथे नुसतं राजकारण असतं." असतं. आणि सोसायटीच्या एजीएममध्ये काय भजन असतं? पार्किंगवरून दोन सख्खे शेजारी बोलेनासे होतात तिथे. चार माणसांचे पैसे एकत्र आले की राजकारण आलंच. तुम्ही गेला नाहीत म्हणून ते थांबत नाही, फक्त तुमच्याशिवाय होतं.

"गावचे लोक आपल्याला बोलू देत नाहीत." हे मला जास्त टोचतं, कारण यात अर्धं खरं आहे. ज्यांच्या शेतांवर आपल्या स्कीमा उभ्या आहेत, ती घरं पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. ते सभेला जातात, एकमेकांना ओळखतात, त्यांचा आवाज मोठा असतो. पण आपण त्यांच्याशी कधी बोललो? आपल्यासाठी ते 'लोकल लोक', त्यांच्यासाठी आपण 'फ्लॅटवाले'. त्यांची मागणी ग्रामसभेत, आपली मागणी ग्रुपवर. मग त्यांच्या गल्लीत काम आधी झालं की आपण म्हणायचं, "बघा, पक्षपात!" जो हजर असतो त्याचं काम आधी होतं, याला पक्षपात म्हणत नाहीत.

"आम्ही मेंटेनन्स देतो, आमचं आम्ही बघतो." हे सगळ्यात घातक. गेटच्या आत पेव्हर ब्लॉक, कारंजं, सीसीटीव्ही. गेटबाहेर पाऊल टाकलं की चिखल. बोअरवेल आटली की टँकर मागवायचा, टँकरचे पैसे घरटी वाटायचे, आणि पाणीप्रश्न सुटला असं समजायचं. पण बोअरवेल ज्या जमिनीतून पाणी ओढते ती जमीन गेटच्या बाहेरही तीच आहे ना. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच ओळखलं. तिथे पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभा दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती झाला, जमिनीत पाणी किती, मग पिकं कोणती घ्यायची. शेतीसाठी बोअर मारायची नाही, हे गावाने स्वतः ठरवलं. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण ती बातमी अभिमानाने फॉरवर्ड केली. आणि आपल्या स्कीममध्ये त्याच आठवड्यात तिसरी बोअर मारायचं ठरलं.

हिवरे बाजार लांब वाटत असेल तर आपल्या विदर्भातलं घ्या. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. देवाजी तोफांचं गाव. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. छोटंसं गोंड गाव, पण एकमत होईपर्यंत सभेत बसतात. त्याच चिकाटीने त्यांनी २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथे ना मिहान आहे ना वायफाय. आपल्याला मागे बांधलेली नाली पुढच्या नालीला जोडून मिळत नाही.

आणि ऑनसाइटवाल्यांसाठी एक. मॅसॅच्युसेट्समधल्या कित्येक छोट्या गावांत अजूनही टाउन मीटिंग भरते. गावातले मतदार हॉलमध्ये बसतात, बजेटवर बोलतात आणि तिथेच मत देतात. आपला माणूस तिकडे गेला की कौतुकाने सांगतो, "काय डेमॉक्रसी आहे राव!" अरे, हीच गोष्ट तुझ्या बेसात चार सुट्ट्यांना सतरंजीवर होती. इंग्रजीत असली की डेमॉक्रसी, मराठीत असली की गावठी?

आता मूळ मुद्द्यावर येतो. "नगरपंचायत झाली, आता होईल." काय होईल?

काही गोष्टी नक्कीच बऱ्या होतील, हे मी मान्य करतो. एक ग्रामसेवक आणि चार-दोन कर्मचारी घेऊन एवढ्या फ्लॅटचं सांडपाणी आणि कचरा कोणतीही ग्रामपंचायत नीट सांभाळू शकत नाही. नगरपंचायतीला मुख्याधिकारी असतो, अभियंते मिळतात, शहरी योजनांचा पैसा येऊ शकतो. राज्यघटनेतच लिहिलंय की नगरपंचायत ही गावातून शहराकडे जाणाऱ्या, संक्रमणातल्या भागासाठी असते. बेसाला ते वर्णन अगदी फिट्ट बसतं.

पण या बदलात एक गोष्ट गेली, आणि तिच्यासाठी कोणी हूं की चूं केलं नाही. नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. १७ प्रभाग, १७ नगरसेवक, त्यांची सभा. तुम्ही आम्ही बाहेर. प्रभाग समित्या घटनेने सक्तीच्या केल्या आहेत त्या ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांना. आपण त्या आकड्याच्या आसपासही नाही. म्हणजे आपण गावातून निघालो, शहरात पोचलो नाही, आणि वाटेत बोलायची जागा गमावून बसलो. मतदान एकदा, मग पाच वर्षं गप्प.

आपल्या धंद्यात जुनी सिस्टीम नव्या सिस्टीमवर नेताना लॉग बघतात. कुठलं फीचर किती लोक वापरतात? ज्याचा वापर शून्य, ते नव्यात घेत नाहीत, आणि कोणी तक्रारही करत नाही. ग्रामसभेचं आपल्याकडून तेच झालं. आपल्या ९६ फ्लॅटचा लॉग कोरा होता.

आणि हे फक्त बेसाचं नाही. पुण्याच्या मित्रांनो, वाघोलीसह २३ गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. तिथल्या किती आयटीवाल्यांनी त्याआधी एक तरी ग्रामसभा पाहिली होती? अजूनही ज्यांचा फ्लॅट ग्रामपंचायत हद्दीत आहे त्यांनी, कृपा करून, पुढची सभा चुकवू नका. ई-ग्रामस्वराज पोर्टल २०२० पासून चालू आहे. गावाचा आराखडा आणि खर्च तिथे घरबसल्या दिसतो. क्रिकेटचा स्कोअर बघता तेवढा वेळ काढा, एक आकडा लिहून घ्या आणि सभेत उभं राहून विचारा. त्या आजीसारखं.

आपण बेसावाल्यांनी काय करायचं? कायद्याने ग्रामसभा सक्तीची नाही, पण नगरसेवकांना लोकांसमोर बसायला बंदीही नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्रभागात, त्याच चार सुट्ट्यांना, उघडी सभा. किती पैसे आले, कशावर गेले, पुढे काय करणार, हे कागदावर. झालेली चर्चा लिहून नोटीस बोर्डावर. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तसंही सांगतं की बजेट आणि खर्चाची माहिती कार्यालयांनी मागायची वाट न बघता स्वतःहून जाहीर करावी. आणि आपल्या बाजूने एकच अट: नाव इथल्या मतदार यादीत. पत्ता बदलायचा फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो. अमेझॉनवर पत्ता बदलण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, बस.

हे सगळं एका पानाच्या अर्जात लिहून मी या आठवड्यात स्कीममध्ये फिरवलं. दारं उघडली, चहाही मिळाला. काहींनी "बघू" म्हटलं. एका काकांनी विचारलं, "तुम्हाला निवडणूक लढवायची आहे का?" एका ताईंनी सही केली आणि म्हणाल्या, "सभा झालीच तर मी पाण्याचं बोलीन, माझ्याकडे तीन उन्हाळ्यांच्या टँकरची बिलं आहेत." हीच ती रजिस्टरवाली भाषा! त्या ताई एवढी वर्षं आमच्याच लिफ्टमध्ये होत्या, आणि मला माहीत नव्हतं.

९६ फ्लॅट, आतापर्यंत ११ सह्या. त्यातली एक माझी आणि एक पोहेवाल्या मित्राची. त्याने सही करताना विचारलं, "सभा सुट्टीच्या दिवशीच ठेवायची का? पेंचचं बुकिंग आहे बे."

उद्या रविवार आहे. उरलेल्या ८५ दारांची बेल वाजवायची आहे.